टोमॅटोचं बूड काळं पडतंय? आधी नळाला कुठलं पाणी येतं ते बघा

तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. पुण्यात वाघोलीला फ्लॅट, बाल्कनीतला पहिलाच हंगाम, ऑक्टोबरात लावलेली टोमॅटोची रोपं. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, फळांची बुडं काळी, मातीवर कडक पापुद्रा आणि पाणी घातलं की ते वरच साचून राहतं. घेवडा केव्हाच गेला, पालक मात्र छान आहे. अंड्याची टरफलं, एप्सम सॉल्ट, कॅल्शियमची फवारणी सगळं करून झालं. पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) 600 निघाला आणि तेवढा चालतो असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं.

यात एक शब्दही बदलला नाही तरी ती माझ्या पहिल्या हिवाळ्याची हकिकत होईल.

कुंडी केवढी, ऊन किती, काठीला कसं बांधायचं हे इथं खूप जणांनी लिहिलंय, ते सोडून देतो. माझ्या मते तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट घेवडा आणि पालकाची आहे. मातीतले क्षार वाढले की घेवडा सगळ्यांच्या आधी मान टाकतो. मातीची क्षारता 1 डेसिसायमन प्रति मीटरच्या (हे क्षारता मोजायचं माप) वर गेली की त्याचं उत्पन्न घटू लागतं. टोमॅटो साधारण 2.5 पर्यंत तग धरतो, बीट 4 पर्यंत. आणि आपण ज्याला पालक म्हणतो तो बीटच्याच जातकुळीतला आहे. म्हणजे कोण मेलं आणि कोण जगलं यावरूनच मातीत काय चाललंय ते कळतं. रोग असता तर नेमकी याच क्रमानं झाडं गेली असती असं नाही.

आता माझा प्रश्न. तुमच्या सोसायटीत सॉफ्टनर प्लांट आहे का?

टँकर आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या बऱ्याच सोसायट्यांत तो असतो. गीझरमध्ये क्षार बसतात, नळ पांढरे होतात, म्हणून बसवतात. त्यात माझं काही म्हणणं नाही. पण तो काय करतो ते समजून घ्या. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तो काढून घेतो आणि त्या जागी सोडियम देतो. एकूण क्षार जवळपास तेवढेच राहतात, त्यामुळे टीडीएस मीटरवर काहीच फरक दिसत नाही. 600 आधीही आणि 600 नंतरही. म्हणून त्या आकड्यावर विसंबू नका. आणि बूड काळं पडतं ते फळाला कॅल्शियम कमी पडल्यामुळे. पाण्यातलं कॅल्शियम गेलं आणि सोडियम वाढलं की झाडाला ते पुरेसं मिळत नाही.

मी शिरोळ तालुक्यातला आहे. आमच्याकडे उसाला पाणी देऊन देऊन क्षारपड झालेली रानं लहानपणापासून बघितलीत. त्यातलं जे रान चोपण होतं, त्यात सोडियम मातीच्या कणांना चिकटतं, माती विस्कटते, भेगा आणि छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही आणि वर पापुद्रा धरतो. काळ्या मातीत हे जास्त होतं. बाल्कनीतल्या कुंडीवर तसाच पापुद्रा बघितला तेव्हा ओळख पटली, पण कारण लागेना. पुण्यात सातव्या मजल्यावर चोपण माती आली कुठून?

म्हणून सोसायटीच्या ऑफिसात गेलो आणि साधं विचारलं, बाल्कनीच्या नळाला कुठलं पाणी आहे? उत्तर मिळालं, महापालिकेचं आणि टँकरचं, सगळ्यांना तेच. त्यावर काही प्रक्रिया होते का? नाही, फक्त क्लोरीन. ईमेल केला. ‘पाण्याचा दर्जा उत्तम असून नियमित तपासणी केली जाते’ एवढ्या एका ओळीत उत्तर आलं. तपासणीचा अहवाल मागितला, तर तो समितीच्या परवानगीशिवाय दाखवता येणार नाही म्हणाले. तोवर मी पाण्याचा संशय सोडून दिला. माती टाकून दिली, नवी आणली, शेणखत नवं, रोपं नवी. त्याच नळाचं पाणी घातलं आणि तेच झालं. सगळा हिवाळा गेला आणि टोमॅटोसाठी आपल्याकडे हिवाळाच खरा.

शेवटी आमच्या प्लंबरदादांनी एका वाक्यात सांगितलं, ‘पंपरूमात मिठाच्या गोण्या असतात की.’ सॉफ्टनर धुवायला मीठ लागतं. त्या गोण्या ऑफिसपासून वीस पावलांवर होत्या. पुढे अहवालही बघायला मिळाला. त्यात कडकपणा किती उतरला ते होतं, सोडियम तपासलेलंच नव्हतं. मला राग सॉफ्टनरचा नाही. ‘या नळाचं पाणी सॉफ्टनरचं आहे, झाडांना आणि रोजच्या पिण्याला वापरताना विचार करा’ एवढी एक सूचना नोटीस बोर्डावर लावायला काय हरकत होती? ज्यांना मीठ कमी खायला सांगितलंय अशी माणसंही त्याच इमारतीत राहतात. असो. हे लिहिताना अजूनही त्रास होतो.

तर तुम्ही आधी पंपरूम बघा. गोण्या दिसल्या नाहीत तर आंघोळीच्या नळाचं आणि स्वयंपाकघराच्या नळाचं पाणी दोन बाटल्यांत घ्या, दोन्हीत साबणाचा सारखाच कीस टाका आणि हलवा. एकात भरभरून फेस आणि दुसऱ्यात साका आला तर फेसाचं पाणी सॉफ्टनरचं. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघराची लाइन वेगळी, थेट महापालिकेची असते. तसं असेल तर प्रश्न तिथंच सुटला, बादली तिथून भरा.

मातीसाठी जिप्सम. चोपण रानाला आमच्याकडे तेच घालतात. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, पण नंतर भरपूर चांगलं पाणी देऊन ते सोडियम कुंडीच्या तळातून बाहेर काढावं लागतं, नाहीतर काही उपयोग नाही. मी पंधरा लिटरच्या कुंडीला दोन चमचे वरच्या थरात मिसळले आणि मग पाणी तळातून वाहीपर्यंत सोडत राहिलो. कुंडीखालच्या थाळ्या काढून टाका, त्यातलं खारं पाणी माती परत ओढून घेते. पावसाळ्यात कुंड्या बाहेर सरकवता आल्या तर त्याहून चांगलं काही नाही. मी कृषितज्ज्ञ नाही, हे माझ्या बाल्कनीपुरतं जमलेलं प्रमाण आहे. एका कुंडीवर करून बघा, मग बाकीच्या.

टरफलांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, वेळ घालवू नका. आपली माती मुळात चुनखडीची, विम्ल म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची. तिच्यात टरफल विरघळायला फार काळ लागतो. फवारलेलं कॅल्शियम पानांतून फळाकडे फारसं जात नाही, ते मुळांकडून पाण्याबरोबरच वर चढतं. आणि एप्सम सॉल्ट तर बंदच करा. त्यातलं मॅग्नेशियम कॅल्शियमशी स्पर्धा करतं, बूड काळं पडणं वाढू शकतं. युरियाही तूर्त नको. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घाला हा सल्ला इथं दर आठवड्याला कोणीतरी देतो. त्यात क्षार अजून घट्ट झालेले असतात. फरशी पुसा, कुंडीत नको. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) वीटही वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्या, तिच्यातही मीठ असतं.

एक खुलासा. पानं बारीक राहून वर वळत असतील आणि शेंडा थबकला असेल तर तो चुरडा-मुरडा. पांढरी माशी तो विषाणू पसरवते, पाण्याचा त्यात संबंध नाही, ते रोप उपटून टाकणंच बरं. पुढच्या वेळी अर्का रक्षकसारखं त्याला प्रतिकार करणारं बियाणं घ्या. आणि आता मार्च संपत आलाय, दुपारी पारा 35 च्या वर गेला की फुलं गळणारच. त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका, पुढची रोपं सप्टेंबरात टाका.

ऑफिसवाले दाद देत नसतील तर एक वाट आहे. नोंदणीकृत सहकारी सोसायटी असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार सभासदाला सर्वसाधारण सभेची आणि समितीच्या बैठकांची इतिवृत्तं बघता येतात. इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट म्हणून नोंदलेली असेल तर नियम वेगळे, तिथं मला माहिती नाही, वकिलांना विचारा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि सॉफ्टनर खरेदीचा ठराव शोधा. कुठल्या टाकीला तो जोडायचा हे त्यात बहुतेक लिहिलेलं असतं.