रिमिक्स, क्रॅक आणि साउंडची लाइन

बार्शीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्स झाला, नुकतेच अठरा पूर्ण झाले. लॅपटॉपवर डीजेंसाठी रिमिक्स करतो, एका मिक्सचे पाचशे-सातशे घेतो. गाणी फुकटच्या साइटवरून उतरवलेली, सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून फुकट वापरायचं. यूट्यूब चॅनलवर दोन कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे गाण्याच्या मालकांच्या तक्रारीवरून मिळालेल्या ताकिदी, आल्यात. नात्यातले एक हवालदार म्हणाले, "यात आत जायची वेळ येते." वडील म्हणतात ही चोरी आहे, बंद कर. मुलगा म्हणतो, सगळेच करतात, मला साउंडमध्येच जायचंय. आईने विचारलंय: हा खरंच गुन्हा आहे का, आणि असल्या लाइनला मुलाला घालावं का?

ताई,

हवालदारांनी तुम्हाला घाबरवलं, पण खोटं सांगितलं नाही. फक्त घरात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय, ती आधी निवडू.

गाणी उतरवून स्वतः ऐकणं, हे तिघांत सगळ्यात किरकोळ. मोबाईलच्या दुकानात चार पैसे देऊन मेमरी कार्ड भरून घेणं आपल्याकडे घरोघरी झालंय, त्यामुळे मोठ्यांनी यावर फार आवाज चढवू नये. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात खासगी वापरासाठी थोडी सवलत आहे, पण बेकायदा साइटवरून अख्खी गाणी उतरवणं त्या सवलतीत बसतं असं धरून चालू नका. हेडफोन लावून ऐकणाऱ्या पोराच्या दारात सहसा कुणी पोलीस येत नाही, हेही खरं. आणि आता जाहिराती सोसल्या की कितीतरी गाणी फुकट आणि रीतसर ऐकायला मिळतात. मग उतरवायची गरजच काय?

दुसरी गोष्ट रिमिक्सची. इथे तो विकतोय आणि चॅनलवर टाकतोय. जाणूनबुजून कॉपीराइट मोडला तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. पण पाचशे रुपये घेतले की 'धंद्यासाठी नव्हतं' हे सांगणं अवघड होतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलं, म्हणजे तक्रार झाली तर पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. वरातीत गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे, त्यावरून मुलं आपल्या सोयीचा अर्थ काढतात. सूट वाजवण्यापुरती आहे. गाणं कापून, बीट टाकून विकायला ती लागू नाही.

यूट्यूबचे स्ट्राइकही हलके घेऊ नका. नुसता 'क्लेम' आला तर बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात, इतकंच. स्ट्राइक वेगळा: नव्वद दिवसांत तीन झाले की चॅनल बंद होऊ शकतं. त्याचे दोन झालेत. परवानगी नसलेले सगळे व्हिडिओ आजच चॅनलवरून काढून टाकायला सांगा आणि त्या मुदतीत नवीन काही टाकू देऊ नका.

तिसरी गोष्ट क्रॅक सॉफ्टवेअरची, जी तुमच्या घरात कुणाच्या लेखीच नाही. माझ्या मते तीच सगळ्यात वाईट. कलम ६३ब बेकायदा प्रत माहीत असून वापरणाऱ्यालाच धरतं: किमान सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, वर दंड. वापर कमाईसाठी नसेल तर कैद टाळून फक्त दंड करता येतो. तुमच्या मुलाने पैसे घेऊन ती वाटही बंद करून ठेवलीय. आणि याची गरज अजिबात नाही. ऑडॅसिटी आणि एलएमएमएस ही संगीताची सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहेत. रीपर साठ दिवस फुकट वापरता येतं, नंतर छोट्या वापरकर्त्यासाठी परवाना साठ डॉलरचा आहे. आठ-दहा मिक्सची कमाई एकदा त्यात घालायची, संपलं.

आता 'सगळेच करतात' या त्याच्या म्हणण्याकडे येते. कंपन्या गब्बर आहेत, त्यांचं काय बिघडतं, हेही तो म्हणत असणार. मोठ्या हिंदी गाण्यांबद्दल तो वाद घालू दे. पण आपल्याकडचे डीजे सर्वांत जास्त वापरतात ती भीमगीतं, कोळीगीतं, खंडोबाची गाणी. त्यातले कितीतरी गायक तालुक्याच्या गावी कार्यक्रमांवर पोट भरतात. त्यांच्या गाण्याचा रिमिक्स होतो तेव्हा मध्ये-मध्ये डीजेचं नाव ओरडलेलं असतं आणि गायकाचं नाव फाइलवरसुद्धा नसतं. मला पैशांपेक्षा हे जास्त लागतं. मुलाला एकदा विचारा, गेल्या दहा मिक्समधली मूळ गाणी कुणी लिहिली, कुणी चाल लावली, कुणी गायली? ज्याला साउंडमध्ये जायचंय त्याला हे माहीत नसेल तर कायद्याच्या आधी मला त्याच्या कानांबद्दल शंका येईल.

हे माहीत असणं पोटापाण्यासाठीही लागतं. एका गाण्यात निदान तीन हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, शब्द आणि चालीचा त्या माणसाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. गदिमा १९७७ साली गेले. म्हणजे त्यांचं एखादं गीत १९५५च्या तबकडीवर असेल, तर ते रेकॉर्डिंग मोकळं झालं तरी शब्द २०३७ संपेपर्यंत राखीव आहेत. 'जुनं आहे, चालतं' म्हणणारी पोरं इथेच फसतात.

२०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना, त्यांनी हक्क कंपनीला विकले तरी, बऱ्याचशा वापरांच्या रॉयल्टीतला वाटा सोडता येत नाही. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत यासाठी जोर लावला होता. ही रॉयल्टी गोळा करून वाटायचं काम आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था करते. पण कायदा रेकॉर्डिंगचा मालक मानतो तो ते घडवून आणायची जबाबदारी घेणाऱ्याला, बहुधा कंपनीला. अरेंजर (वाद्यांची मांडणी करणारा), प्रोग्रॅमर (संगणकावर वाद्यं वाजवणारा), मिक्सिंग करणारा यांना ठरलेला मोबदला मिळतो, पुढचं काही हवं असेल तर करारात लिहून घ्यावं लागतं. तुमचा मुलगा याच लोकांत जाऊन बसणार आहे. चाली बांधायच्या की दुसऱ्यांच्या चाली नीट वाजवून द्यायच्या, यावर त्याची मिळकत ठरेल. हे त्याने आत्तापासून विचारात घ्यावं.

लाइनला घालावं का? घाला. गावातल्या डीजेंना पैसे मोजावेसे वाटतात याअर्थी हातात काहीतरी आहे. पण पदवी सोडू नका. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचा ध्वनीचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेतलाही तसाच. भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी केली तर ध्वनीचा पाया पक्का होईल, आणि प्रवेश नाहीच झाला तरी हातात पदवी राहील. मधल्या तीन वर्षांत त्याने स्वतः रेकॉर्ड केलेलं काम जमवावं: गावातल्या भजनी मंडळाचं, हलगीवाल्यांचं, बाजाराच्या दिवशीचं. ज्यांचं रेकॉर्ड करेल त्यांची कागदावर संमती घ्यावी आणि प्रत्येक फाइलसोबत कुणी गायलं, कुणी वाजवलं ते लिहून ठेवावं. कुठल्याही स्टुडिओत काम मागताना रिमिक्सचा ढीग दाखवला तर समोरचा पहिला प्रश्न विचारेल, यातलं तुझं किती?

डीजेंचं काम एकदम तोडायला सांगू नका, पोरगा हातचा जाईल. त्यांना गाण्यांऐवजी स्वतःची बीट, एंट्रीची धून, मंडळाच्या नावाचा जिंगल करून द्यावा. दर तोच ठेवता येईल, आणि ते त्याचं स्वतःचं असेल.

एक काम मात्र या आठवड्यात उरका. तुम्ही लिहिलंय की त्याच लॅपटॉपवर दुकानाचं नेट बँकिंग चालतं. क्रॅकसोबत काय काय आत आलं असेल सांगता येत नाही. त्याची स्वतःची कामं पेनड्राइव्हवर काढून घ्या, लॅपटॉप फॉरमॅट करा आणि बँकेचा पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदला.