वाचकांचे प्रश्न : रेशनचा तांदूळ, शाळेतले अंडे आणि लाखोळीची डाळ

या वेळी विदर्भातल्या खेड्यांतून आलेल्या पत्रांत आहाराविषयीचे प्रश्न अधिक आहेत. त्यांतले पाच येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात. ते पाण्यावर तरंगतात, रंगही जरा निराळा असतो. बायका त्यांना प्लास्टिकचे दाणे म्हणतात आणि निवडून फेकतात. गावात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्णही आहेत. हा तांदूळ त्यांना चालत नाही, असे त्यांच्या घरी कोणीतरी सांगून गेले आहे. लोकांना मी काय सांगावे?
(अंगणवाडी सेविका, मूल तालुका, जि. चंद्रपूर)

ताई, ते दाणे तांदळाचेच आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळतात, ते पीठ यंत्रातून दाबून पुन्हा दाण्याच्या आकारात काढतात आणि साध्या तांदळात साधारण शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. यालाच फोर्टिफाइड तांदूळ म्हणतात. हे दाणे घडवलेले असल्यामुळे त्यांची घनता आणि रंग मूळ दाण्याशी तंतोतंत जुळत नाहीत. बचत गटाच्या बैठकीत असे चार दाणे वेगळे शिजवून बोटाने दाबून दाखवा. ते भाताच्या शितासारखेच चिरडले जातात. जी गृहिणी हे दाणे निवडून टाकते, ती ज्या कारणासाठी हा तांदूळ गावात आला तेच नेमके उकिरड्यावर टाकते, हे तिला न रागावता सांगावे लागेल. भात भरपूर पाण्यात शिजवून पेज ओतून देण्याची सवय असेल तर तीही सोडायला सांगा, कारण पेजेबरोबर काही जीवनसत्त्वे निघून जातात.

सिकलसेलची भीती कोणाच्या डोक्यातून निघालेली नाही. अशा तांदळाच्या पिशवीवर थॅलेसिमिया (हाही आनुवंशिक रक्तविकारच) आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी इशारा छापण्याचा नियम खरोखरच होता. तज्ज्ञांनी पुन्हा विचार केल्यावर तो २०२४ मध्ये काढण्यात आला. सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरात जादा लोह साठते ते मुख्यतः वारंवार रक्त चढवल्यामुळे, जेवणातल्या काही मिलिग्रॅममुळे नव्हे. उलट या रुग्णांपैकी अनेकांना लोहाची कमतरताही असते आणि फॉलिक आम्ल तर त्यांना गोळीच्या रूपाने द्यावेच लागते. म्हणून ज्यांच्यात केवळ वाहक गुण आहे, प्रत्यक्ष आजार नाही, त्यांनी निर्धास्तपणे हा भात खावा. ज्यांना पुन्हापुन्हा रक्त चढवावे लागते त्यांनी मात्र शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे. गावात ज्यांची तपासणीच झालेली नाही त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवणे, हे तांदळाच्या वादापेक्षा अधिक निकडीचे काम आहे.

आता या तांदळाकडून अपेक्षा किती ठेवावी ते पाहू. नियमानुसार एका किलोत २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असते. माणशी महिन्याचे पाच किलो धान्य सगळे तांदळाच्या रूपात मिळाले असे धरले, तरी रोजचे सुमारे १६५ ग्रॅम होतात आणि त्यांतून जेमतेम पाच ते सात मिलिग्रॅम लोह मिळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. म्हणजे गरजेचा चौथा हिस्साही पुरता भरत नाही. जगभरातल्या चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जो आढावा घेतला, त्यात अशा तांदळामुळे ॲनिमियाचे, म्हणजे रक्तक्षयाचे प्रमाण फारसे बदलत नसावे, असाच निष्कर्ष निघाला. याचे कारण आपल्या भागात कोणालाही पटेल. रक्त कमी होते ते फक्त लोहाच्या अभावाने नव्हे. ब-१२ ची उणीव, आतड्यातले जंत, पूर्व विदर्भातला मलेरिया आणि खुद्द सिकलसेल, ही सगळी कारणे एकाच गावात नांदतात.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. तिला माझा विरोध नाही, पण ज्या घरी भातावर पातळ वरणापलीकडे काही पडत नाही, तेथे दाण्यात लोह भरल्याने पोषणाचा प्रश्न सुटला असे कागदावर दाखवले जाऊ नये, याबद्दल मात्र माझा आग्रह आहे. बायकांना लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या चुकवू देऊ नका, जेवणात लिंबू किंवा आवळा असू द्या आणि जेवण होताच चहा पिण्याची सवय मोडा, कारण चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही.

प्रश्न : आमच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत कुपोषित मुले बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि वर्तमानपत्रात छापून येते की महाराष्ट्रात तीन मुलांमागे एक कुपोषित आहे. खरे कोणाचे मानायचे?
(ग्रामपंचायत सदस्य, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

दोन्ही ठिकाणी मोजले काय, हे आधी पाहावे. वहीत तीव्र आणि मध्यम कुपोषित म्हणून ज्यांची नोंद होते ती उंचीच्या मानाने वजन फार कमी असलेली, रोडावलेली मुले. वर्तमानपत्रातला ‘तीनमागे एक’ हा आकडा बहुधा वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या, म्हणजे खुजेपण आलेल्या मुलांचा असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले खुजी आणि २५.६ टक्के रोडावलेली आढळली. खुजे मूल आजारी दिसत नाही, वर्गात बसते, खेळते. केवळ वयाने लहान वाटते. गावातली बरीच मुले तशीच असली की डोळ्याला त्यात काही वावगे दिसत नाही.

मोजण्याच्या पद्धतीनेही आकडे हलतात. बोटाला टोचून काढलेल्या रक्तावर २०१५-१६ च्या सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाची देशातली ५८ टक्क्यांहून अधिक मुले ॲनिमिक ठरली. जवळपास त्याच काळात दुसऱ्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणाने शिरेतून रक्त घेतले, तेव्हा एक ते चार वर्षे वयोगटात ते प्रमाण ४१ टक्के निघाले. वयोगटांतला थोडा फरक सोडला तरी ही तफावत लहान नाही.

शिवाय वहीत वजन येते ते त्या दिवशी हजर असलेल्या मुलाचे. आईबापांबरोबर कामासाठी बाहेरगावी गेलेले मूल त्या रकान्यात येतच नाही, आणि बहुधा तेच सर्वांत जास्त धोक्यात असते. तेव्हा सदस्य या नात्याने आपण पुढच्या सभेत गैरहजर मुलांची यादी मागा आणि वजनाबरोबर उंचीही दर महिन्याला मोजली जाते का, ते विचारा. उंची मोजण्याचे साधन मोडलेले असेल, तर ग्रामपंचायतीने महिला व बालकल्याणासाठी राखायच्या दहा टक्के निधीतून ते घेता येईल.

येथे एक खंत नोंदवतो. स्वयंपाकघरात जाऊन कोणी काय आणि किती खाल्ले, हे मापाने टिपणारी राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्युरो ही यंत्रणा १९७२ मध्ये उभी राहिली होती आणि महाराष्ट्रही तिच्यात होता. २०१५ मध्ये ती बंद झाली. मुलाची उंची खुंटली हे आज आपल्याला कळते. त्याच्या ताटात काय कमी पडले, याची वर्षानुवर्षांची नोंद ठेवणारे तसे कायमचे पथक आता उरलेले नाही.

प्रश्न : शाळेत अंडे देण्यावरून पालकांत दोन तट आहेत. एक पालक म्हणतात, अंड्याने उंची वाढते हे परदेशात सिद्ध झाले आहे. दुसरे म्हणतात, त्याने काही होत नाही हेही सिद्ध झाले आहे. शिक्षकाने काय भूमिका घ्यावी?
(शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, आर्वी तालुका, जि. वर्धा)

गुरुजी, दोघांनीही वाचलेले संशोधन खरे आहे. इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले, तेव्हा त्यांची उंची स्पष्टपणे अधिक वाढली. हा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे आफ्रिकेतल्या मलावी देशात जवळजवळ तसाच प्रयोग झाला आणि एकंदर वाढीत फरक पडला नाही. मात्र मलावीतली ती कुटुंबे सरोवराकाठची होती, बाळांच्या जेवणात मासळी आधीपासून होती आणि मुळात खुजेपणही त्यांच्यात कमी होते. ज्या ताटात प्रथिनांची गरज आधीच भागत होती, तेथे अंड्याने नवे काही आणले नाही. म्हणून कोणत्याही अन्नाविषयीचे संशोधन वाचताना त्या माणसांच्या उरलेल्या ताटात काय होते, हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा, असे मी आग्रहाने सांगतो.

आपल्या शाळेतले ताट त्याच नजरेने पाहा. प्राथमिक वर्गासाठी ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असा पोषण आहाराचा निकष आहे आणि त्यासाठी १०० ग्रॅम तांदूळ व २० ग्रॅम डाळ धरलेली असते. हिशेब केला तर त्या बारा ग्रॅमपैकी सातएक ग्रॅम तांदळातूनच येतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात आणि वरण-भातात नसलेले ब-१२ असते. केळ्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम. त्यामुळे अंडे न खाणाऱ्या मुलाला केवळ केळे देणे हा त्या मुलावर अन्याय आहे; त्याला दूध, किंवा शेंगदाणे आणि फुटाणे मिळायला हवेत. हाच पर्याय पालकसभेत मांडला तर दोन्ही तटांना मान्य होण्यासारखा आहे.

धोरणाचे म्हणाल तर अमृत आहार योजनेखाली आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत आठवड्यातून चार दिवस अंडी देण्याची तरतूद आहे. शाळांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे मंजूर झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा राज्याचा निधी थांबला. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. अंडे खाणाऱ्या गरीब मुलाला ते कोठे मिळण्याची खात्री होती, तर ती शाळेत.

प्रश्न : आमच्याकडे धान निघाल्यावर बांधीत लाखोळी होते. भाजी खातो, डाळही खातो. ती विषारी असल्याचे मुलगा मोबाइलवर दाखवतो. पेरायची की नाही?
(शेतकरी, पवनी तालुका, जि. भंडारा)

पेरा, आणि बेतानेच खा. लाखोळीत ओडॅप नावाचे, मज्जातंतूंना अपाय करणारे द्रव्य असते. दुष्काळात किंवा मजुरी म्हणून हीच डाळ मिळत असल्यामुळे ज्यांच्या पोटात महिनोन्‌महिने दुसरे फारसे काही गेले नाही, अशा माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. मध्य प्रदेशातल्या रीवा भागात हे मोठ्या प्रमाणावर घडले. त्यातून १९६१ मध्ये विक्रीवर बंदीचा नियम आला आणि पुढे राज्याराज्यांत तो वेगवेगळ्या तऱ्हेने पाळला गेला. ज्या घरी तूर, हरभरा आणि इतर अन्नही खाल्ले जाते, तेथे अधूनमधून केलेल्या लाखोळीने असे होत नाही. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे, त्याने ओडॅप बरेच उतरते. बियाणे घेताना कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात ‘रतन’, ‘प्रतीक’ अशा कमी ओडॅपच्या वाणांची चौकशी करा. दुसरी डाळ विकत घेणे परवडत नाही म्हणून रोज दोन्ही वेळा लाखोळीच शिजत असेल, तर मात्र धोका खरा आहे आणि मुलाचे म्हणणे ऐकावे.

प्रश्न : मला मधुमेह आहे. पोळी आणि भात सोडून ज्वारीची भाकर सुरू केली. घरचे म्हणतात, भाकर कितीही खाल्ली तरी साखर वाढत नाही. हे बरोबर आहे का?
(एक वाचक भगिनी, अकोट तालुका, जि. अकोला)

नाही, ताई. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातून तांदूळ-गव्हाइतकीच, म्हणजे ३३५ किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा मिळते, आणि तिच्यातलाही मोठा भाग पिष्टाचाच असतो. ज्वारीत तंतू पांढऱ्या तांदळापेक्षा पुष्कळ अधिक, म्हणून भातापेक्षा ती चांगली. पण भाकरींची संख्या वाढली की तो लाभ वाया जातो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी मधुमेह अभ्यासातला आहाराविषयीचा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाला सरासरी ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून मिळते, असे त्यात दिसले. नुसते पांढरे धान्य काढून त्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. पिष्टाचा थोडा हिस्सा कमी करून त्याऐवजी डाळींतली किंवा दुधातली प्रथिने घेणाऱ्यांत तो कमी होता. हा अभ्यास लोकांची एका वेळची स्थिती टिपणारा आहे, त्यामुळे कार्यकारण पक्के सिद्ध झाले असे म्हणता येत नाही, तरी आपल्याकडच्या जेवणाकडे पाहता मला तो पटतो.

आपण असे करून पाहा. तीन भाकरी खात असाल तर दोन किंवा दीड करा आणि ती जागा घट्ट वरण, मोड आलेली मटकी, चून (पिठले), वाटीभर दही आणि भरपूर पालेभाजी यांनी भरा. अंबाडी, तरोटा, चवळी, मोसमात जे मिळेल ते घ्या. भाजीत तेलाचा तवंग नको. जवसाची चटणी चालेल. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळींचे प्रमाण वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. भाकर सुरू केली म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी जवळच्या शासकीय रुग्णालयात होते का, याची चौकशी करा.