नवा मॉनिटर आणलाय. तो नीट कसा मांडायचा, आणि एचडीएमआय केबल लावताना हाताला झिणझिण्या का आल्या?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: घरून काम, लॅपटॉपला जोडलेला नवा २४ इंची मॉनिटर, जागा डायनिंग टेबलची. आठवड्याभरात मान आखडायला लागली, संध्याकाळी डोळे चुरचुरतात, घरात लहान मुलगा आहे. आणि शेवटी जाता जाता एक ओळ, की केबल लावताना हाताला बारीक झिणझिण्या आल्या. मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करतो. मानेचं चार दिवस उशिरा बघितलं तरी चालेल, ह्याचं नाही.

माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. एचडीएमआय पोर्ट उडालेले लॅपटॉप आणि मॉनिटर नेहमी येतात, आणि सोबत ठरलेलं वाक्य येतं: "काही केलं नाही हो, नुसती केबल लावली." बहुतेकदा ते खरंच असतं. दोष केबलचा नसतो, भिंतीतल्या सॉकेटचा असतो.

मॉनिटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजवरून येतो, एक न्यूट्रलवरून, आणि दोघांची दुसरी टोकं मॉनिटरच्या धातूच्या बॉडीला, म्हणजेच अर्थला जोडलेली असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यातून झिरपणारा किंचित करंट अर्थच्या वायरने मुकाट निघून जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगत राहते. एचडीएमआय प्लगचं धातूचं कवच ह्याच बॉडीशी जोडलेलं असतं. तुम्ही फरशीवर अनवाणी उभं राहून ते धरलंत की तो करंट तुमच्यातून जमिनीत जातो. टेस्टर लावलात तर तोही मंद पेटेल. पायात चप्पल असेल तर काहीच जाणवत नाही, म्हणून काही घरांत वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नसतो.

हा करंट एका मिलिअँपिअरच्याही आत असतो, त्यामुळे प्रकरण झिणझिण्यांवरच निभावतं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, उद्या आत खरोखर बिघाड होऊन फेज बॉडीला टेकला, तर फ्यूज उडवायला अर्थची वाटच नाही. मग बॉडीला हात लावणारा माणूस हीच वाट. दोन, दोन्ही उपकरणं चालू असताना केबल खुपसली आणि कवचाच्या आधी एखादी सिग्नलची पिन टेकली, तर दोन्ही बॉडींच्या व्होल्टेजमधला सगळा फरक त्या नाजूक पिनेवर येतो. पोर्ट उडतात ते असे.

आता तुमच्याकडे नक्की काय आहे ते बघा. मॉनिटरची पिन तीन पायांची असेल आणि ती तुम्ही दोन पायांच्या कन्व्हर्टरमध्ये घातली असेल, तर उत्तर तिथेच मिळालं; कन्व्हर्टर फेकून द्या. वरची जाड पिन कापून काढणारेही महाभाग भेटतात. ती पिन मुद्दाम जाड आणि लांब केलेली असते. जाड, म्हणजे चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. लांब, म्हणजे लावताना अर्थ सगळ्यांत आधी टेकावा आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावा. लॅपटॉपचा अडॅप्टर दोन पिनांचा असेल तर मात्र अर्थिंग चांगलं असूनही लॅपटॉपच्या धातूला थोडी झिणझिण जाणवू शकते. म्हणून आधी लॅपटॉपचा चार्जर काढून, नुसत्या बॅटरीवर, मॉनिटरचं काय होतं ते बघा.

मग वायरमनला बोलवा, आणि मल्टिमीटर घेऊनच ये म्हणून सांगा. टेस्टरवर अर्थिंग कळत नाही. सॉकेटमध्ये फेज ते अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत आलं तर ठीक. पण तिथे अगदी शून्य आलं तर खूश होऊ नका, सॉकेट उघडून बघायला लावा. काही वायरमन शॉर्टकट म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. झिणझिण्या थांबतात, गिऱ्हाईक खूश. पुढे कधी मागच्या बाजूला न्यूट्रल तुटला की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक वस्तूच्या बॉडीवर थेट फेज येतो. तसा तुकडा निघाला तर काढायला लावा आणि अर्थची खरी वायर मेन बोर्डापासून ओढून घ्या. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या. घरात लहान मूल आहे, तर ह्यात काटकसर नको.

हे होईपर्यंत एकच शिस्त पाळा. मॉनिटर आणि लॅपटॉप दोन्हींच्या पिना सॉकेटमधून काढा, केबल लावा, मग पिना परत घाला. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण स्विच न्यूट्रलवर बसवलेला असेल तर बटण बंद असूनही फेज आत येतच असतो. असे उलटे स्विच जुन्या वाड्यांत आणि चाळींत मी भरपूर पाहिलेत.

एक्स्टेन्शन बोर्डाचं थोडक्यात सांगतो. २४ इंची मॉनिटर जेमतेम २०-२५ वॅट खातो, त्याचा भार काहीच नाही. भीती शेजाऱ्याची असते. साधा ६ अँपिअरचा बोर्ड १३८० वॅटपर्यंतच, आणि त्याच बोर्डावर कुणी इंडक्शन शेगडी लावली तर ती एकटीच २००० पर्यंत जाते. 'स्पाइक गार्ड' म्हणून विकली जाणारी स्वस्त पट्टी बऱ्याचदा लाल दिवा आणि फ्यूज एवढ्यावरच उरकलेली असते. खरी घेतलीत तरी अर्थिंग नसेल तर ती अर्धंच काम करते. वैशाखात वळवाचे ढग गडगडायला लागले की सरळ पिना काढून ठेवा. जवळ पडलेल्या विजेपुढे कुठलीही पट्टी टिकत नाही.

आता मान. डायनिंग टेबलाची उंची साधारण ३० इंच असते. ती जेवायला ठीक, टायपिंगला जरा जास्तच. खुर्ची वर घ्यावी तर पाय अधांतरी लटकतात. मी लोकांना सांगतो की खुर्ची कोपरं टेबलाच्या पातळीला येतील एवढी वर घ्या, बसायला उशी लागली तर घ्या, आणि पायाखाली पाट ठेवा. घराघरांत माळ्यावर पडलेला असतो, त्याच्याइतकं पक्कं फुटरेस्ट विकत मिळत नाही. हे बसणं आधी ठरवा आणि मगच मॉनिटरची उंची. लोक नेमकं उलटं करतात, आणि मग दर दोन दिवसांनी सगळं हलवत बसतात.

पाठ टेकून ताठ बसा आणि समोर बघा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा तिच्या दोन बोटं खाली हवी, म्हणजे वाचताना नजर आपोआप थोडी खाली राहते. स्टँड वर-खाली होत नसेल तर खाली प्रिंटरच्या कागदाची न फोडलेली रिम ठेवा. रचलेल्या पुस्तकांसारखी ती घसरत नाही. पडदा किंचित मागे झुकवा. अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर. त्या अंतरावरून अक्षर बारीक वाटलं तर पुढे वाकू नका, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के करा. मान आखडण्याचं निम्मं कारण हे पुढे वाकणंच असतं.

चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर वरचा उंचीचा नियम विसरा. त्या काचेचा वाचायचा भाग खाली असतो, त्यामुळे माणूस हनुवटी वर करून पडद्याकडे बघतो आणि संध्याकाळी मानेचा मागचा भाग दुखतो. अशांनी मॉनिटर आणखी खाली घ्यावा, किंवा चष्म्याच्या दुकानात पडद्याचं अंतर सांगून कामापुरता वेगळा चष्मा करून घ्यावा.

आणि लॅपटॉप? मॉनिटर समोर आणि लॅपटॉप बाजूला उघडा ठेवून त्याच्याच कीबोर्डवर टाइप करत असाल, तर दिवसभर धड एकीकडे आणि मान दुसरीकडे. साधा यूएसबी कीबोर्ड आणि माउस घ्या. ह्या सगळ्यात सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणकारी खरेदी तीच.

डोळ्यांचं म्हणाल तर पहिला संशय ब्राइटनेसवर घ्या. मॉनिटर कारखान्यातून येतो तो दुकानाच्या लख्ख उजेडात उठून दिसावा असा लावलेला. घरात, ट्यूबलाइटखाली, तो दिवसभर तोंडावर बॅटरी मारल्यासारखा होतो. एक पांढरा कागद पडद्याशेजारी धरा आणि पडद्यावर कोरं पान उघडा. पडदा कागदापेक्षा दिव्यासारखा पेटलेला दिसला तर ब्राइटनेस कमी करा, दोन्ही जवळपास सारखे दिसेपर्यंत. बऱ्याच घरांत आकडा ३० ते ४० वर येतो. पहिले दोन दिवस पडदा मळकट वाटेल, मग सवय होते. दिवसा आणि रात्री वेगळं लावावं लागतं, तेवढा कंटाळा करू नका.

खिडकी पाठीमागे असेल तर पडद्यावर तिचंच प्रतिबिंब, समोर असेल तर डोळे दिपतात. खिडकी बाजूला येईल असं टेबल फिरवा. पंखा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर येत असेल तर तोही टाळा. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, त्यात वारा, मग चुरचुरणारच. दर २० मिनिटांनी २० फूट लांबचं काहीतरी २० सेकंद बघायचं, हा डोळ्यांच्या डॉक्टरांचा सल्ला सोपा आहे आणि फुकट आहे. 'ब्लू कट' चष्म्यावर पैसे घालण्याआधी मात्र थांबा. २०२३ साली कोक्रेन ह्या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने ह्या काचांवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा निदान थोड्या काळाच्या वापरात तरी त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं दिसलं नाही. त्याऐवजी नंबर तपासून घ्या. चाळिशीच्या आसपास असाल तर जवळचा नंबर लागलेला असण्याची शक्यता बरीच असते. आणि कुणी रेडिएशनची भीती घातली तर ती मनावर घेऊ नका. ती भीती जुन्या, पाठीला डबा असलेल्या काचेच्या मॉनिटरच्या काळातली, तेव्हा लोक पडद्यावर जाळीचा गार्ड लावायचे. आताच्या एलसीडीमध्ये त्या डब्यातली पिक्चर ट्यूबच नसते.

अक्षरं पुसट दिसत असतील तर रिझोल्यूशन तपासा. मॉनिटर १९२० बाय १०८० चा असेल तर सेटिंगमध्येही तेच हवं, एक पायरीही खाली नको. काळा रंग राखाडी दिसत असेल तर लॅपटॉपने एचडीएमआयवरून मॉनिटरला टीव्ही समजलेलं असतं. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आरजीबी रेंज 'लिमिटेड' असेल ती 'फुल' करा. रिफ्रेश रेटसुद्धा बघून घ्या. खोक्यावर ७५ किंवा १०० हर्ट्झ छापलेलं असतं आणि विंडोज आपलं ६० वर चालवत बसतं.

मुलाचं बघायला हवं. स्टँडच्या मॉनिटरचं वजन वर आणि पाया हलका. एका हाताने कड धरून मूल टेबलावर चढायला गेलं की तो पुढे येतो. पाया टेबलाच्या कडेपासून आत सरकवा आणि केबला टेबलाच्या पायाला बांधून घ्या, लोंबकळत ठेवू नका. लोंबती केबल मुलं ओढतातच. भिंतीवर किंवा क्लॅम्पच्या आर्मवर लावायचा विचार असेल तर मॉनिटरमागे १०० बाय १०० किंवा ७५ बाय ७५ मिलिमीटरवर चार भोकं आहेत का बघा. स्क्रू लांब वापरू नका, आत घुसून नुकसान करतो. काचेच्या टेबलाला क्लॅम्प कधीच लावू नका. नव्या इमारतींत भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, त्यात साधा प्लास्टिकचा गट्टू हळूहळू सैल होतो. त्या भिंतीचा वेगळा अँकर मागा.

पुसताना पिना काढून कोरडं मायक्रोफायबर कापड, डाग असेल तर ते पाण्याने किंचित ओलसर केलेलं. आरसे पुसायचा निळा स्प्रे नको. पाणीसुद्धा पडद्यावर थेट फवारू नका, ओघळ खालच्या कडेतून आत जातो आणि पडद्यावर उभ्या रेघा येतात. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात असे दोन-चार मॉनिटर दुकानात हमखास येतात, कारण पूजेत फुलाने पाणी शिंपडलेलं असतं. गंध-फूल खुशाल वाहा, पण स्टँडला.

पडद्यावरची पारदर्शक फिल्म अजून काढली नसेल तर काढा, तिच्यामुळे अक्षरं पुसट दिसतात. एकदा पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, मग लाल, हिरवं, निळं चित्र पडद्यावर भरून मेलेले पिक्सेल शोधा, आणि हे बदलून द्यायची मुदत असेपर्यंतच करा. बहुतेक कंपन्या एखाद-दुसऱ्या ठिपक्यासाठी वॉरंटीत पॅनेल बदलत नाहीत, दुकानदार मात्र मुदतीत असेल तर ऐकतो. तोवर खोकं आणि आतला थर्माकोल जपून ठेवा.