कवटी न उघडता मेंदूतली भाषा कशी अभ्यासतात?

पूर्वी उघडावीच लागायची, तीही माणूस गेल्यावर. १८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका या डॉक्टरांकडे एक रुग्ण होता. त्याला बोललेलं समजायचं, पण तोंडातून शब्द एकच यायचा, 'टॅन'. तो वारल्यावर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. तो मेंदू जपून ठेवला होता म्हणून बरं. २००७ मध्ये त्याचा एमआरआय काढला, तर इजा ब्रोकांना दिसली त्याहून बरीच खोलवर गेलेली निघाली.

आता माझी आवडती पद्धत ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणं. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालायची आणि समोर एकेक शब्द दाखवत जायचं: 'आजीने… गरम… भाकरीवर… चप्पल…' बसलात ना दचकून? 'चप्पल' दिसल्यापासून साधारण ४०० मिलिसेकंदांनी आलेखात ऋण दिशेची लाट उठते. 'लोणी' असतं तर ती लहानशीच उठली असती. हिला एन४०० म्हणतात. १९८० मध्ये कुटास आणि हिलयार्ड यांनी ती दाखवली. गंमत म्हणजे वाक्यात नीट बसणारा शब्द नुसता मोठ्या अक्षरांत छापला, तर ही लाट येत नाही, वेगळीच येते. म्हणजे हा नुसता दचका नव्हे, प्रश्न अर्थाचा आहे.

ईईजीला वेळ अचूक कळते, जागा नाही. एफएमआरआय, म्हणजे मेंदू काम करताना काढलेला एमआरआय, त्याचं नेमकं उलटं: जागा काही मिलिमीटरपर्यंत सांगतो, पण तो रक्तप्रवाहावर चालतो आणि त्याचा जोर यायला पाच-सहा सेकंद जातात. तेवढ्यात आपली दोन वाक्यं बोलून होतात! मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजणारा एमईजी वेळ आणि जागा दोन्हींत बरा, पण यंत्र फार महाग.