कोविडच्या काळात आजारी मुलांचे शिकलेले आईवडीलही अफवांना का बळी पडले?

कॅन्सर झालेल्या मुलांना शिकल्यासवरल्या आईवडिलांनी काढे कसे पाजले, असं तुम्ही विचारलंय. मी पाजलाय, म्हणून सांगते.

माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. एएलएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मेंटेनन्स, म्हणजे कॅन्सर परत येऊ नये म्हणूनचा उपचाराचा लांबचा टप्पा, चालू होता: रोज सिक्स-एमपी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, ही दोन्ही किमोचीच औषधं. उपचार मुंबईत, आम्ही सांगलीत. एसटी बंद, रेल्वे बंद. रक्त इथल्या लॅबमध्ये द्यायचं, रिपोर्ट मोबाईलवर पाठवायचा आणि वाट बघायची. डॉक्टरांचं उत्तर दोन ओळींत यायचं. व्हॉट्सॲप दिवसभर बोलत असायचं.

कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा आली, म्हणून मी त्याचं रोजचं उकडलेलं अंडं बंद केलं. मग आलं ‘इम्युनिटी वाढवा’. दर वेळी रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा काउंट धडधडत्या छातीनं बघणाऱ्या आईला हा शब्द कसा लागतो, ते कसं सांगू? मेंटेनन्समध्ये औषधांनी पेशी मुद्दामच एका मर्यादेत ठेवतात, काउंट बघूनच डोस ठरतो. हे मला नीट समजावलेलं होतं. तरी सासूबाईंनी केलेला गुळवेलीचा काढा मी रोज पाजला.

जुलैत एसजीपीटी वाढलं, म्हणजे रक्ताच्या तपासणीत यकृताला त्रास होत असल्याचं दिसलं. त्याच्या दोन्ही औषधांनी यकृताला त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी ती थांबवली. फोनवर सिस्टरनी विचारलं, “घरचं काही देताय?” मी नाही म्हटलं. लाज वाटली. नऊ दिवस कॅन्सरची औषधं बंद आणि काढा चालू! दहाव्या दिवशी रडत फोन केला. त्या रागावल्या नाहीत. “बंद करा, आठवड्यानं रिपोर्ट पाठवा,” एवढंच म्हणाल्या. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, ते मी नंतर वाचलं.

म्हणून कुणाला अडाणी म्हणू नका. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर काय काय देताय आणि ते डॉक्टरांना सांगितलंय का, हे मायेनं विचारा.

आणि एक अफवा काढ्याहून वाईट होती: दवाखान्यात गेलं की कोविड पॉझिटिव्हच दाखवतात. त्या भीतीनं लोक ताप अंगावर काढायचे. किमो चालू असलेल्या मुलाला १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे इमर्जन्सी, अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.