अनुभव नाही, मग लिंक्डइनवर लिहू काय?

प्रश्न : ताई, मी राहुरीला एम.एस्सी. मृदाशास्त्र करतोय. प्रबंध डाळिंबबागांतल्या क्षारपड मातीवर आहे. लिंक्डइनवर खातं उघडलं, पण अनुभव शून्य. काय भरू?

उत्तर : शून्य कसा? मातीचे नमुने तूच काढतोस ना? सामू (पीएच), क्षारता मोजतोस? मग ते लिही. नावाखालच्या ओळीत २२० अक्षरं मावतात, तिथे नुसतं ‘स्टुडंट’ कशाला? ‘एम.एस्सी. मृदाशास्त्र | क्षारपड जमीन, डाळिंब | मातीपरीक्षण, क्यूजीआयएस’ असं लिही. नोकरीसाठी माणसं शोधणारे हेच शब्द टाकून शोधतात. ‘मेहनती, जिद्दी, टीम प्लेअर’ सगळेच लिहितात. मी तरी ते वाचत नाही. क्यूजीआयएस, म्हणजे ते नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर, खरंच येत असेल तरच लिही हं, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

फोटो लग्नातला कापलेला नको, शेजारच्याचा खांदा दिसतो.

ओळख नसलेल्यांना कोरी विनंती पाठवू नकोस. ‘मॅडम, क्षारपड जमिनीवरचा तुमचा लेख वाचला, जिप्समच्या मात्रेबद्दल एक शंका आहे’, एवढं पुरे. पहिल्याच निरोपात नोकरी मागायची नाही. आणि प्रबंधातले आकडे टाकण्याआधी मार्गदर्शकांना विचार. शोधनिबंध अजून छापून यायचा असेल.