मुदत संपायच्या आधी कंपनी बदलायची आहे

प्रश्न : मे महिन्यात आम्ही कळव्याहून घोडबंदर रोडला, कासारवडवलीला राहायला आलो. घर चौदाव्या मजल्यावर. स्वयंपाकघरात मोबाइलला रेंजच येत नाही, बोलायला बाल्कनीत जावं लागतं. मी घरून पोळी-भाजीचे डबे देते, रोज अठरा-वीस. सकाळी सात ते नऊ गॅससमोरून हलता येत नाही, तेव्हाच फोन येतात आणि ऑर्डरी हुकतात. आमचा तिघांचा एकच पोस्टपेड फॅमिली प्लॅन आहे. मूळ नंबर मिस्टरांचा. माझा आणि सासऱ्यांचा ॲड-ऑन. मिस्टरांनी प्लॅनबरोबर सवलतीत फोन घेतला, त्याला पाच महिने झाले. कंपनीच्या दुकानातला मुलगा म्हणतो, बारा महिन्यांच्या आत सोडलंत तर तीन हजार भरावे लागतील. अजून सात महिने असेच काढायचे का? सासऱ्यांचा नंबर साताऱ्यात घेतलेला, फार जुना आहे. गावाकडचे सगळे त्याच नंबरावर फोन करतात.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, सात महिने काढू नका आणि तीन हजारही इतक्यात भरू नका. त्या मुलाने तुम्हाला रक्कम सांगितली, पण ती कोणत्या नंबरावर लागते ते सांगितलं नाही. सगळी मेख तिथेच आहे.

टेलिफोन खात्यातल्या नोकरीची शेवटची दहा वर्षं मी बिलाच्या खिडकीवर होते. माणसं भांडायला यायची ती आकड्यावरून. सही केलेला कागद कुणाच्या हातात नसायचा. म्हणून आधी मिस्टरांचा तो कागद शोधा. फोन घेताना ईमेलवर आलेला असेल. अशी अट बहुधा सवलत घेतलेल्या नंबरावर असते. तुमच्या कागदात मूळ नंबराचाच उल्लेख असेल तर मिस्टरांना जुन्याच कंपनीत राहू द्या आणि तुमचे दोन नंबर हलवा. कागद सापडत नसेल तर मिस्टरांच्या ईमेलवरून कंपनीला एवढंच विचारा : 'दोन ॲड-ऑन नंबर दुसऱ्या कंपनीत नेले तर मूळ नंबरावर कोणती रक्कम लागेल, आणि कोणत्या कलमाखाली?' काउंटरवर तोंडी विचारू नका. तोंडी उत्तर माणसागणिक बदलतं.

दुसरी चाचणी तुमच्याच हातात आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ ला आली, पण १६ डिसेंबर २०१९ पासून तिचा क्रम बदलला. आता पोर्टिंगचा, म्हणजे नंबर नव्या कंपनीत न्यायचा, कोड हातात पडण्याआधीच तपासणी होते. जो नंबर न्यायचा त्याच सिमवरून १९०० वर मेसेज करा : इंग्रजीत पोर्ट हा शब्द, एक जागा मोकळी, मग दहा आकडी नंबर. सगळं ठीक असेल तर आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. करारातली बाहेर पडण्याची अट पुरी व्हायची असेल, मुदत उलटलेलं बिल थकलेलं असेल, नंबर घेऊन ९० दिवस झाले नसतील, तर कोड येत नाही आणि कारण कळवलं जातं. कोड मागितला म्हणजे कंपनी सोडली असं होत नाही. तो आपल्याकडे चार दिवस चालतो, नंतर आपोआप रद्द होतो. तेव्हा न घाबरता मागा. मात्र कोड आला तरी वरच्या ईमेलचं उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नका, कारण कोड तुमच्या नंबरापुरता बोलतो, मिस्टरांच्या बिलात काय चढेल ते सांगत नाही.

इथे बायकांची हमखास अडवणूक होते ती नावावरून. तुमचा ॲड-ऑन नंबर कागदोपत्री कुणाच्या नावावर आहे? मिस्टरांच्या असेल तर नव्या कंपनीच्या काउंटरवर त्यांनीच ओळखपत्र घेऊन जायला हवं. 'आधी माझ्या नावावर करून घेते' असं मनात आणू नका. नावबदलाचा अर्ज प्रलंबित असेल तर कोड मिळत नाही. ते काम नंतर. सिम खराब झालं म्हणून नुकतंच बदललं असेल तर सात दिवस थांबावं लागतं, हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे.

आणि नवी कंपनी ठरवताना जाहिरात बघू नका. तेराव्या-पंधराव्या मजल्यावरच्या शेजारणीला सकाळी आठ वाजता तुमच्या ओट्यापाशी फोन घेऊन उभी करा. त्याच उंचीवर, त्याच भिंतींमध्ये लागला तर खरा.

आता समजा अट तिन्ही नंबरांवर निघाली. तरीही लगेच पैसे भरू नका. घरात रेंज नाही ही तक्रार आजच कंपनीच्या हेल्पलाइनवर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे ठामपणे लिहा : सेवा मिळत नाही म्हणून सोडते आहे, शुल्क माफ करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही बोला. मोबाइल कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि जिल्हा आयोग ठाण्यातच आहे. माफी मिळेलच असं मी म्हणणार नाही. पण क्रमांकासह नोंदवलेली तक्रार नसेल तर मागायला आधारच उरत नाही.

शेवटच्या बिलाकडे दुर्लक्ष करू नका. माझ्या धाकट्या दिराने नंबर हलवला आणि जुन्या कंपनीचं चारशेबारा रुपयांचं बिल 'आता काय संबंध' म्हणून सोडून दिलं. जुनी कंपनी थकबाकीसाठी नव्या कंपनीकडून नंबर बंद करवू शकते. तसा तो बंद झाला, मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाच्या आठवड्यात. ओटीपी येईनात, घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. तुमच्या धंद्याला हे परवडणारं नाही.

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण हे एक सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा एक विभाग. सातारा महाराष्ट्र सर्कलमध्ये. तुमचा नंबर याच सर्कलमधला असेल तर तीन कामकाजाचे दिवस, सासऱ्यांच्या नंबराला पाच. नंबर तोच राहील, साताऱ्याच्या मंडळींना काही कळवायला नको. बदल होताना काही तास, जास्तीत जास्त चार, फोन बंद राहतो. तेव्हा आधी तुमचा नंबर हलवा. तो नव्या सिमवर सुरू झाला, यूपीआयची पडताळणी पुन्हा झाली, दोन दिवस डब्यांचे फोन ओट्यापाशी नीट लागले, की मग सासऱ्यांचा मेसेज पाठवा.